न दाबलेलं पान

तक्रार मंगळवारी सकाळी आली. दवाखान्यांच्या मुख्य नर्सबाईंनी घड्याळ लावून मोजलं होतं: रिपोर्टचं पान उघडायला नऊ सेकंद. ‘पेशंट समोर बसलेला असतो. नऊ सेकंद त्याच्या तोंडाकडे बघत काय बोलायचं, ते तुम्हीच एकदा येऊन सांगा,’ असं त्यांनी लिहिलं होतं. शुक्रवारी दुपारपर्यंत उपाय हवा, नाहीतर दुसरीकडे बघू, असंही शेवटी होतं, पण नम्रपणे.

आमचं ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकोणीस दवाखान्यांचे तपासणीचे रिपोर्ट पेशंटना ज्या वेबसाइटवर दिसतात, ती आम्ही चालवतो. आम्ही म्हणजे मुळात बाबा आणि मामा, आईचा धाकटा भाऊ. सर्व्हर बाबांकडे, माणसं मामाकडे, ही वाटणी बावीस वर्षं टिकली. पाच आठवड्यांपूर्वी बाबा ऑफिसच्या जिन्यात दम खायला बसले, ते उठले नाहीत. हृदय अचानक थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. ‘अचानक’ हा शब्द आईने उचलला आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तोच सांगितला. तिला त्याचा आधार होता. मी माझ्या नोकरीतून तीन महिन्यांची रजा घेतली आणि बाबांच्या टेबलावर आले. काम ओळखीचं होतं. ऑफिस नव्हतं.

“एवढं काय त्यात?” मामा म्हणाला. “पान जड आहे, दाबून पाठव. ब्रॉटली लाव आणि मोकळी हो. सगळं जग लावतं.”

“आत्ता काय लावलंय?”

“मला काय विचारतेस? त्या बाजूला भावोजी मला फिरकू देत नव्हते. तीनदा म्हटलं मी, दाबा म्हणून. नुसते हसले.”

“शंकासुर होते,” पलीकडून भिंगताई म्हणाल्या. त्या आमच्या टेस्टर. चुका शोधतात म्हणून बाबांनी त्यांना भिंग नाव ठेवलं, तेव्हा त्यांनी बाबांना शंकासुर केलं. मामाला दोघं मिळून आकाशवाणी म्हणायचे, कारण दुपारी ऑफिसात कुणी शिंकलं तर संध्याकाळी आईला कळायचं.

दाबणं म्हणजे काय, ते बाबांनी मला शाळेत असताना सांगितलं होतं. कारकून यादीत तोच पत्ता दुसऱ्यांदा लिहीत नाही, ‘वरीलप्रमाणे’ लिहितो. सर्व्हरही तेच करतो. पानात जे पुन्हा आलं त्याच्या जागी एक छोटी खूण ठेवतो, ब्राउझर ती उलगडून घेतो. पद्धती अनेक आहेत, ब्रॉटली त्यांतली एक. कोण किती मागे वळून बघतो आणि त्यात किती वेळ घालवतो, एवढाच फरक. मी दिवसभर मोजत बसले. रिपोर्टचं पान, आलेख आणि जुने आकडे धरून, चारशे बारा किलोबाइट. जुन्या जीझिपने ते एकाहत्तरवर आलं. झेडस्टँडर्डने सहासष्टवर, तेही चुटकीसरशी, पण पेशंटच्या जुन्या फोनना ते कळत नाही. ब्रॉटलीत कमीजास्त जोराच्या पायऱ्या असतात; मधल्या पायरीवर त्रेसष्ट. सगळ्यात वरच्या पायरीवर पंचावन्न, पण तिथे दाबण्यातच पावणेदोन सेकंद जात होते. मधली पायरी बरी, असं मी ठरवलं आणि सर्व्हरची फाइल उघडली.

बाकी सगळ्या साइटवर जीझिप होतंच. वगळलेलं होतं ते फक्त रिपोर्टचं पान. वगळण्याच्या ओळीवर बाबांची टीप होती, मराठीत पण रोमन अक्षरांत, त्यांच्या सवयीप्रमाणे:

हे पान दाबू नये. कारण मामाला सांगू नये.

मी ती दोनदा वाचली. मग फाइल मिटली, कारण मामा मागून चहाचे कप घेऊन येत होता.

“झालं का?” त्याने विचारलं.

“बघतेय.”

“बघण्यासारखं काय आहे? एका ओळीचं काम.”

एका ओळीचं काम आहे हे त्याला कसं माहीत, हा प्रश्न मला चहा संपायच्या आत पडला. त्या बाजूला तो फिरकत नव्हता ना?

बुधवारी त्याने मला चार वेळा विचारलं. मी मोजलं. दोनदा टेबलाजवळ येऊन, एकदा जाता जाता, एकदा फोन कानाला असताना भुवया उंचावून. चौथ्या वेळी म्हणाला, “बाकीची पानं राहू देत. रिपोर्टच्या पानावर तेवढं लाव.”

“त्याच पानावर का?”

“अगं, तक्रार त्याच पानाची आहे! नर्सबाई मला फोन करतात, तुला नाही.”

बोलणं सरळ होतं. पण एकदा मनात पाल चुकचुकली की सरळ बोलणंच जास्त खुपतं. मी त्याच्याकडे नव्याने बघायला लागले. फोन तो टेबलावर पालथा ठेवायचा. माझ्या स्क्रीनकडे बघताना आधी भिंगताईंकडे बघायचा. बाबांचा खण त्याने मला द्यायच्या आधी रिकामा केला होता. त्यातल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, चष्मा आणि पेनं त्याने आईकडे पोचवली होती. त्यात अजून काही होतं का, हे आता कोण सांगणार?

बाबांची टीप अकरा महिन्यांपूर्वीच्या एका सोमवारची होती. त्याआधीच्या आठवड्यात काय घडलं, हे सर्व्हरच्या नोंदींमध्ये असायला हवं होतं. रिपोर्टच्या पानावर शोधाची एक चौकट आहे. पेशंटला जुने आकडे शोधता येतात. मी नोंदींना गाळणी लावली आणि फक्त शोध मागितले. इतर दिवशी वीस-पंचवीस होते. त्या शनिवारी दुपारी, एकाच रिपोर्टवर, दोन तासांत एकोणीसशे चव्वेचाळीस.

त्यात शब्द नव्हते. ‘कोड’ असं लिहून पुढे एक अक्षर. मग दुसरं, मग तिसरं. एक बरोबर ठरलं की त्याच्यापुढे पुन्हा पहिल्यापासून.

काय चाललं होतं ते कळायला मला दहा मिनिटं लागली. प्रत्येक रिपोर्टच्या पानावर तळाशी त्या पेशंटचा सहा अक्षरी खाजगी कोड असतो. तो हाती आला की रिपोर्ट कुठूनही उघडतो. आणि तुम्ही चौकटीत जे शोधता ते पानाच्या वर छापून येतं. आता पान दाबलेलं असेल, आणि तुम्ही शोधलेलं अक्षर त्या कोडशी जुळलं, तर सर्व्हर दुसऱ्या जागी ‘वरीलप्रमाणे’ लिहितो. पान एका बाइटने बारीक होतं. वाटेत पान कुणाला वाचता येत नाही, ते कुलूपबंद असतं. पण पाकीट किती जाड आहे ते दवाखान्याच्या वायफायवर बसलेल्या कुणालाही दिसतं. पेशंटच्या ब्राउझरला फसवून असे शोध करायला लावायचे, आणि जाडी मोजत एकेक अक्षर काढून घ्यायचं. ब्रॉटली लावा, जीझिप लावा, फट तीच.

शोध ज्या इंटरनेट-पत्त्यावरून आले होते तो एकच होता. मामाच्या टेबलाला ऑफिसची इंटरनेट लाइन नाही, वेगळी आहे, बाहेरची. तिचा पत्ता टेबलाच्या कडेला कागदावर चिकटवलेला आहे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठले आणि वाचून आले.

म्हणजे शनिवारी मामाच्या टेबलावरून कुणाचा तरी कोड काढला गेला. सोमवारी बाबांनी पान दाबणं बंद करून फट बुजवली. आईचा भाऊ म्हणून गप्प बसले, आणि आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये म्हणून ती टीप. आणि आता बाबा नाहीत, तर मामाला तेच पान पुन्हा दाबून हवंय. सगळं जागच्या जागी बसलं.

तो रिपोर्ट कुणाचा, हे मला बघता आलं असतं. पण दुसऱ्याचा रिपोर्ट उघडायचा नाही, हा ऑफिसचा पहिला नियम बाबांनीच घातला होता, आणि ज्यासाठी मी मामाला धरणार तेच मी कसं करू?

संध्याकाळी घरी पोचले तर मामा स्टुलावर चढून न्हाणीघराच्या दाराची कडी बसवत होता. गेले पाच आठवडे तो रोज येत होता. कागदांवरची बाबांची नावं बदलायचे अर्ज त्यानेच भरले होते. आईला एकटीने झोपायची सवय होईपर्यंत पहिले बारा दिवस तो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपला होता.

“मामा,” मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “शनिवारी ऑफिसात कोण असतं?”

“कोण असणार? झुरळं.” त्याने स्क्रू तोंडातून काढला. “भावोजी जायचे कधीमधी.”

मेलेल्या माणसावर ढकलून मोकळा झाला, असं माझ्या मनात आलं.

तो गेल्यावर आई म्हणाली, “मघापासून काय बघत होतीस गं त्याच्याकडे?”

“कुठे?”

“कुठे काय! पोलीस बघतात तशी. दमलाय तो. त्याच्याशिवाय आता मला माझं असं कोण आहे? तू तीन महिन्यांनी जाशील.” आणि तिने कडी दोनदा लावून बघितली. “बघ, किती छान लागते.”

मी दवाखान्यांना पत्र लिहायला घेतलं. आमच्या ऑफिसातल्या एका व्यक्तीने पेशंटची माहिती काढल्याचं आढळलं आहे, इथपर्यंत आले आणि थांबले. पत्र गेलं की मामा गेला, आणि आईचा भाऊ गेला. नाही गेलं, तर ज्या पेशंटचा तो रिपोर्ट त्याला कधीच कळणार नाही. आधी त्याच्या तोंडून ऐकायचं, असं मी ठरवलं.

गुरुवारी सकाळी मी त्याला आतल्या खोलीत बोलावलं आणि छापलेल्या नोंदी समोर ठेवल्या.

“हे तुझ्या टेबलावरून झालंय.”

त्याने चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला. “काय आहे हे?”

“तुला माहीत आहे काय आहे ते. बाबांनाही माहीत होतं.” मी टिपेबद्दल बोलले नाही, तेवढं हातात ठेवलं. “कुणाचा रिपोर्ट हवा होता तुला? कुणासाठी?”

त्याने कागद घडी करून खिशात टाकला.

“मी लोकांचे रिपोर्ट चोरतो,” तो म्हणाला. विचारत होता की म्हणून बघत होता, कळलं नाही. “ताईला सांगितलंस?”

“नाही.”

“बरं केलंस.”

मी तेही कबुलीतच धरलं. त्याने पिशवी उचलली, भिंगताईंना “येतो” म्हणाला आणि अकरा वाजता निघून गेला. संध्याकाळी आई विचारत होती, आज आला कसा नाही.

शुक्रवारी मी पोचले तेव्हा तो माझ्याआधी आलेला होता. दाढी केलेली, शर्ट इस्त्रीचा. बाबांच्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसला होता, कशाला हात न लावता.

“बस,” तो म्हणाला. “मला तुमच्यातलं कळत नाही. पण बावीस वर्षं ऐकतोय, त्यामुळे एक विचारतो. चोराला काय हवं होतं? कोड?”

“हो.”

“आणि हे शोध करायचे तर रिपोर्टचं पान आधी उघडावं लागतं?”

“हो.”

“ते उघडतं कशाने?”

“कोडने,” मी म्हणाले, आणि ते मलाच ऐकू आलं.

“किल्लीने घर उघडून आत बसायचं आणि मग तीच किल्ली चोरायची,” तो म्हणाला. “असला चोर मी असेन तर मला कामावरून काढच. काल दिवसभर तो कागद घेऊन बसलो होतो. तू त्या यंत्राकडे मागितलंस काय नेमकं?”

“शोध.”

“फक्त शोध? मग बाकीचं माग.”

मी गाळणी काढली. एकोणीसशे चव्वेचाळीस ओळींच्या डोक्यावर एक ओळ होती, शोध नसलेली, म्हणून मला न दिसलेली. तीन वाजून चार मिनिटांनी रिपोर्ट उघडला. कोड पहिल्या फटक्यात बरोबर. ज्याला कोड चोरायचा असतो तो फक्त बाजूला बसून जाडी मोजतो. इथे पान उघडून बसलेला आणि मोजणारा एकच होता. चाचणी होती ती.

तेवढ्यात भिंगताई आल्या. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून त्यांनी स्क्रीनवर नजर टाकली, तारीख वाचली.

“शनिवारी? मामा शनिवारी कधी आलेत? अगं, पान बाहेरून कसं दिसतं ते बघायचं असलं की सगळे मामांच्याच टेबलावर बसतात. दुसरी बाहेरची लाइन आहे कुठे? ती खुर्ची माझ्यामुळे झिजलीय.” मग जरा थांबून, “आणि टेस्टला रिपोर्ट स्वतःचाच घ्यायचा. शंकासुरांचा कायदा. माझा थायरॉइड तर या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे.”

शेवटचं वाक्य त्या हसत बोलायला लागल्या आणि अर्ध्यातच त्यांचा आवाज उतरला.

मी बाबांची फाइल उघडली आणि स्क्रीन मामाकडे वळवली. ती टीप त्याने पहिल्यांदा वाचली. ओठ हलवत, रोमन अक्षरं जुळवत.

“कारण सांगायचं तर करून दाखवावं लागलं असतं,” तो हळू म्हणाला. “आणि करून दाखवायचं तर ते पान समोर आलं असतं. मी विचारलं असतं, भावोजी, हा कुणाचा रिपोर्ट.”

नोंदींच्या शेवटच्या ओळीत सहाच्या सहा अक्षरं होती. बाबांनी स्वतःचा कोड पूर्ण काढून मगच हात थांबवला होता.

“उघडू?” मी विचारलं.

“तू नाही उघडायचा तर कोणी?”

पान सावकाश उघडलं. हृदयाची सोनोग्राफी, त्या शनिवारच्या दोन दिवस आधीची. हृदयाची ताकद तीस टक्के. खाली लिहिलं होतं, तज्ज्ञांना तातडीने दाखवावे. खणातल्या गोळ्या ॲसिडिटीच्या आहेत, असं मामाला बाबांनीच सांगितलेलं असणार. आणि रिपोर्ट हातात आल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी काय केलं होतं, तर त्याचा उपयोग करून एक फट शोधली होती, एकेक अक्षर नऊ-नऊ वेळा पडताळून.

“अकरा महिने,” मामा म्हणाला. “अकरा महिने या माणसाने माझ्यासमोर बसून डबा खाल्ला. जिना चढताना मी चेष्टा करायचो, भावोजी, म्हातारे झालात.” त्याचा आवाज चढला. “मला सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी ताईला कळलं असतं!”

“म्हणूनच नाही सांगितलं.”

“आणि कळलं असतं तर?”

भिंगताई खिडकी उघडायला गेल्या.

“मामा, कालचं मी...”

“कालचं आत्ता नको.” त्याने हात वर केला. “ते मला बोललीस, ते माझ्याजवळ राहणार आहे. लगेच जाणार नाही. आधी नर्सबाईंचं काम कर.”

काम दोन तासांचं निघालं. कोड रिपोर्टच्या पानावरून काढला आणि वेगळ्या चिमुकल्या पानावर ठेवला; ते पान दाबायचं नाही. मग उरलेल्या रिपोर्टला ब्रॉटली, मधली पायरी. मामाच्या टेबलावर भिंगताई बसल्या, स्वतःचा थायरॉइड उघडून. मामा त्यांच्याशेजारी उभा राहून अक्षरं सांगत होता, मी इकडे जाडी मोजत होते. बरोबर अक्षर, चूक अक्षर, पान कुठे हलत नव्हतं. उघडायला सव्वादोन सेकंद.

नर्सबाईंना मी लिहिलं, की अकरा महिन्यांपूर्वी आमच्याकडच्या एका माणसाला पानात एक धोका सापडला होता, तो त्याने दोन दिवसांत थांबवला, आणि पान हळू होतं ते त्यामुळे. आता दोन्ही सुटलं आहे. फाइलमधली बाबांची टीप काढली आणि तिथे नवीन लिहिली, कारणासकट, चार ओळींची. ती मामाला वाचून दाखवली. त्याने एक प्रश्न विचारला, म्हणून आणखी एक ओळ वाढवली.

एक वाजता तो म्हणाला, “चल. ताईकडे.”

“आत्ता?”

“संध्याकाळी कुणीतरी भेटायला येऊन बसलेलं असतं.”

रस्ता ओलांडताना त्याने लहानपणी धरायचा तसा माझा दंड धरला, आणि पलीकडे गेल्यावर सोडला.

आईने दार उघडलं, हात पदराला पुसत. आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“भर दुपारी? दोघं एकदम? भांडलात की काय?”

“भांडलो,” मामा म्हणाला.

“चूक कुणाची?”

“माझी,” मी म्हणाले.

“बरं, आत तर या.”

मामाने खुर्ची ओढली आणि आईच्या समोर न बसता तिच्या शेजारी बसला. तिचा हात स्वतःच्या गुडघ्यावर घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “सांग. काही गाळू नकोस.”

मी खाली बसले, आणि त्या शनिवारपासून सुरुवात केली.